कंसाचा बंदोबस्त

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगणात कारिट फोडतो, ते नरकासुराच्या नावाने. श्रीकृष्णाने ज्या दुष्टांचा निकाल लावला, त्यांत नरकासुराच्या आधी क्रम लागतो तो मामाचा, मथुरेच्या कंसाचा. तो कंस एका दिवसात संपला. परंतु त्याच नावाचा दुसरा एक कंस गणिताच्या वहीत अजून ठाण मांडून बसला आहे, आणि त्याचा छळ आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी सोसलेला आहे. साधा कंस, महिरपी कंस, चौकटी कंस अशी त्याची तीन रूपे. आणि त्याला जिंकण्यासाठी गुरुजींनी शिकवलेला 'कंचेभागुबेव' हा मंत्र. आधी कंस सोडवावा. कंसात कंस असेल तर आधी आतला, मग बाहेरचा.

मुलाला हे जमते याचे कारण त्याला डोळे आहेत. सबंध ओळ त्याच्यापुढे पसरलेली असते. आतला कंस कोणता हे तो एका दृष्टिक्षेपात पाहतो. गणकयंत्राचे तसे नाही. त्याच्यापुढे एका वेळी एकच चिन्ह येते, आणि जे लक्षात ठेव म्हणून सांगितले असेल तेवढेच त्याच्या लक्षात राहते. अशा यंत्राला एकात एक बसवलेले कंस शिकवताना युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या गणितज्ञांची सुमारे पंधरा वर्षे खर्ची पडली. त्यांना अखेर जी युक्ती सापडली ती आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या उभी होती, ही त्यातली मौज!

*

गणकयंत्राला आपली भाषा कळत नाही. त्याला कळतात त्या अगदी बारीकसारीक आज्ञा: अमुक खणातला आकडा उचल, तमुक खणातल्यात मिळव, इथे ठेव. माणसाने असल्या हजारो आज्ञा हाताने लिहीत बसायचे म्हणजे वेळ तर जातोच, पण पदोपदी चुका होतात. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवण्याची कल्पना निघाली. माणसाने गणिताच्या ओळखीच्या चिन्हांत लिहावे आणि दुभाष्याने त्याच्या यंत्राज्ञा करून द्याव्यात. हा दुभाष्या म्हणजे दुसरीतिसरी व्यक्ती नव्हे; तीही एक आज्ञावलीच. तिला कंपायलर म्हणतात. हे नाव रूढ करण्याचे श्रेय ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील विदुषीकडे जाते. त्यांची 'ए-शून्य' ही प्रणाली १९५२ सालची.

आता दुभाष्याच चुकला तर काय होईल? जुन्या काळच्या दरबारांतून दुभाष्याच्या एका शब्दाने तह मोडले असतील; पण तिथे निदान दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांची तोंडे तरी पाहत होते. कंपायलरची चूक दिसत नाही. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेले असते, यंत्राने सांगितले तसेच केलेले असते, आणि उत्तर मात्र चुकीचे येते. तो बिचारा रात्र रात्र जागून आपलेच लिखाण तपासत बसतो. अशा चुकीला त्या व्यवसायात 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुनाच. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क दोन' यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. तो पतंग चिमट्याने उचलता आला. कंपायलरमधला किडा पकडणे इतके सोपे नसते.

असा एक किडा आपण उघडून पाहू. समजा, बंडू, चिंगी आणि गणू या तिघांचे तीन तीन विषयांतले गुण यंत्राला द्यायचे आहेत. गुणांची प्रत्येक रांग एका कंसात आणि त्या तीन रांगा मिळून एका मोठ्या कंसात, असे आपण लिहितो:

((६१, ७०, ५५), (४८, ९०, ६६), (७२, ३९, ८१))

दुभाष्याजवळ एक पाटी आहे. कंस उघडला की पाटी पुसून तो तिच्यावर शून्य लिहितो. एकेक वस्तू आली की ती पुढच्या रिकाम्या जागी ठेवतो आणि पाटीवरचा आकडा एकाने वाढवतो. एकेरी रांगेसाठी ही तजवीज नामी आहे. आता वरची ओळ त्याला द्या. बाहेरचा कंस उघडला: पाटीवर शून्य. लगेच आतला कंस उघडला: पाटी पुसून पुन्हा शून्य. एकसष्ट, सत्तर, पंचावन्न, पाटीवर तीन. आतला कंस मिटला. आता ही बंडूची सबंध रांग मोठ्या रांगेत पहिल्या जागी ठेवायला हवी. पण पाटी म्हणते, तीन जागा भरल्या आहेत! दुभाष्या प्रामाणिकपणे ती चौथ्या जागी ठेवतो. मग चिंगीचा कंस उघडतो, पाटी पुन्हा पुसली जाते, पुन्हा तीनवर येते, आणि चिंगीची रांगही चौथ्या जागीच, बंडूच्या रांगेवर जाऊन बसते. गणूचेही तेच. अखेरीस पहिल्या तीन जागा मोकळ्या, चौथ्या जागी गणू, आणि बंडू-चिंगीचे गुण कायमचे नाहीसे.

दुभाष्याने एकही आकडा चुकीचा वाचला नाही, बेरीज चुकवली नाही. त्याची चूक एवढीच की, आतल्या घरात शिरताना बाहेरच्या घरात आपण कुठे होतो हे तो विसरला. आणि साध्या, एकेरी रांगा देऊन कितीही वेळा परीक्षा घेतली, तरी त्याचे हे विसरणे उघडकीस येत नाही.

*

या विसरण्यावर पहिला नेटका इलाज स्वित्झर्लंडमध्ये शोधला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोनराड त्सूझे हा जर्मन अभियंता आपले 'झेड चार' नावाचे यंत्र घेऊन बर्लिनहून निसटला आणि बव्हेरियातील एका डोंगराळ खेड्यात येऊन राहिला. यंत्र चालवायची सोय नव्हती, म्हणून १९४५ साली त्याने यंत्रासाठी एक भाषाच कागदावर रचून पुरी केली. तिचे नाव 'प्लानकाल्क्यूल'. हो किंवा नाही एवढे सांगणारा एक ठिपका हा तिचा मूळ घटक. ठिपक्यांची रांग, रांगांची रांग, अशी तिची बांधणी. एकात एक बसणाऱ्या रांगांचा विचार इतक्या आधी झाला होता, परंतु ते लिखाण समग्र छापले गेले ते थेट १९७२ साली. यंत्राचे नशीब मात्र लवकर उघडले. १९५० साली झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठाने ते भाड्याने घेतले, आणि त्यावर काम करणाऱ्यांत हाइन्त्स रुटिसहाउझर हा तरुण गणिती होता.

रुटिसहाउझरने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात कंसांचा डोंगर कल्पिला. कंस उघडला की एक पायरी वर, मिटला की एक पायरी खाली. सबंध सूत्र असे मांडले की डोंगररांग उभी राहते. तिचे सर्वांत उंच शिखर म्हणजे सर्वांत आतला कंस. ते शिखर आधी सोडवावे, त्याच्या जागी उत्तर ठेवावे, म्हणजे तेवढा डोंगर सपाट होतो. मग पुन्हा पहिल्यापासून पाहून पुढचे शिखर शोधावे. अचूक पद्धत! पण दर वेळी सगळी डोंगररांग नव्याने चढायची. सूत्र दुप्पट लांब झाले की श्रम चौपट, हा तिचा दोष.

अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निराळीच वाट काढली. १९५४ साली सुरू केलेला त्यांचा 'फोरट्रॅन' हा दुभाष्या १९५७ साली गिऱ्हाइकांच्या हाती पडला. गुणाकार आधी की बेरीज आधी हे यंत्राला कळावे म्हणून त्यांनी प्रत्येक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना कंसच कंस भरले. अधिकचे चिन्ह दिसले की त्याच्या जागी )))+((( असे लिहायचे, गुणाकाराला थोडे कमी कंस द्यायचे, आणि मग नको असलेले काढून टाकायचे. कंसाने कंसाला मारायचा हा प्रकार! काट्याने काटा निघाला खरा; परंतु बाहेरची आठवण कुठे ठेवावी, या मूळ प्रश्नाला ते उत्तर नव्हते.

ते उत्तर म्यूनिकमध्ये निघाले. तेथील फ्रीडरिख बाउअर आणि क्लाउस सामेलसन या दोघांनी ३० मार्च १९५७ रोजी जर्मन पेटंट कचेरीत एक अर्ज दाखल केला. त्यांच्या युक्तीचे नाव 'केलर', म्हणजे तळघर. ओळ एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचायची. जे आत्ता सोडवता येत नाही ते तळघरात टाकायचे. आतला कंस मिटला की सर्वांत शेवटी टाकलेले सर्वांत आधी बाहेर काढायचे. पुन्हा मागे जाणे नाही, डोंगर चढणे नाही. ओळ दुप्पट झाली तर काम दुप्पट, चौपट नव्हे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटले नसते. त्याचे जमिनीतले पेव असेच असते. शेवटी ओतलेला जोंधळा वर, म्हणून तोच आधी निघतो. पुढे इंग्रजीत या युक्तीला 'स्टॅक' हे नाव रूढ झाले. आपल्याकडे त्यासाठी याहून सुंदर शब्द आहे, तो म्हणजे उतरंड. मडक्यावर मडके रचावे. खालचे हवे असेल तर वरची आधी उतरवावीत. आणि वरची उतरली की खालचे जसे ठेवले होते तसेच, जिथल्या तिथे सापडते.

आता बंडू-चिंगीच्या गुणांकडे पुन्हा वळा. दुभाष्याला एक पाटी न देता पाट्यांची उतरंड द्या. कंस उघडला की जुनी पाटी पुसायची नाही. तिच्यावर नवी कोरी पाटी ठेवायची. कंस मिटला की वरची पाटी उचलायची. बंडूचा कंस मिटतो, वरची पाटी निघते आणि खाली मोठ्या कंसाची पाटी जशीच्या तशी असते: शून्य. म्हणून बंडूची रांग पहिल्या जागी बसते आणि पाटीवर एक येतो. मग चिंगी दुसरी, गणू तिसरा. दुरुस्ती दोनच वाक्यांची: उघडताना ठेव, मिटताना उचल. ही दोन वाक्ये मात्र एकमेकांची सोबत सोडता कामा नयेत. ठेवले आणि उचलायचे राहिले, तर नवा किडा तयार.

या कल्पनेचे श्रेय एकट्या म्यूनिकला द्यावे असे नाही. १९४६ साली इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपुढे आलेल्या आपल्या आराखड्यात ॲलन ट्युरिंग याने, पोटकामाला जाताना परतीचा पत्ता 'पुरून' ठेवावा आणि येताना 'उकरून' काढावा, असे सुचवले होते. ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन हा तत्त्वज्ञही १९५७ च्या सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. आंबा पिकला की एकाच झाडावरून पडतो असे थोडेच आहे?

*

कंसांचा प्रश्न सुटला, तसा याहून मोठा कंस पुढे आला. एखादे काम करताना तेच काम पुन्हा, जरा लहान प्रमाणात, मधेच करावे लागले तर? जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा विद्वान जमले आणि त्यांनी 'अल्गॉल ६०' ही भाषा मुक्रर केली. तिचा मसुदा पीटर नाउर कोपनहेगनमध्ये बसून शेवटचा हात फिरवून तयार करीत होते. फेब्रुवारीत त्यांना ॲमस्टरडॅमहून आड्रियान व्हान वाइनगार्डन आणि एड्स्खर डाइकस्ट्रा यांचा दूरध्वनी आला. कामाच्या आत त्याच कामाचे नाव आले तर ते काम नव्याने सुरू करावे, अशा अर्थाचे एक वाक्य मसुद्यात घालावे, असे त्यांचे म्हणणे. नाउर यांनी ते घातले. एका वाक्याने सबंध दुभाष्यांचे जग हलले, आणि काही सभासदांना ते रुचलेही नाही.

डाइकस्ट्रा नुसते सुचवून थांबले नाहीत. त्यांनी आणि याप झोनेव्हेल्ड यांनी 'एक्स एक' या लहानशा यंत्रासाठी या भाषेचा कंपायलर लिहायला घेतला आणि काम पुरे होईपर्यंत दाढी न करण्याचा पण केला. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालू लागला. झोनेव्हेल्ड यांनी लवकरच दाढी उतरवली. डाइकस्ट्रांनी ती जन्मभर राखली. त्यांनीही उतरंडच वापरली. पण कंसांपुरती नव्हे, तर प्रत्येक नव्या कामासाठी नवे मडके. बेरीज-गुणाकारांची चिन्हे उतरंडीवर कशी वळवायची हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो रेल्वेच्या शंटिंग-यार्डाचा. एक डबा बाजूच्या रुळावर सारायचा, दुसरे पुढे जाऊ द्यायचे, मग त्याला परत आणायचे.

हे सारे दुभाषे खरोखर नीट काम करतात की नुसता आव आणतात, हे पाहायला १९६४ साली डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञाने एक छोटीशी आज्ञावली रचली. तिचे नावच 'पोर की बाप्या?' अशा अर्थाचे. दहा-पंधरा ओळींचाच मजकूर, पण त्यात कामाच्या पोटात काम इतके खोल जाते की, उतरंडीतले नेमके कोणते मडके उघडायचे यात जरा गफलत झाली तरी उत्तर बदलते. मौज अशी की, क्नूथने स्वतः हाताने काढलेले उत्तर होते उणे १२१. आणि बरोबर उत्तर निघाले उणे ६७. परीक्षा काढणाऱ्या पंडिताचीही आतली-बाहेरची आठवण घसरली! एकात एक गुंतलेल्या गोष्टींपुढे माणसाचा डोळासुद्धा फार आतपर्यंत पोचत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

*

उतरंड सापडली म्हणून कंसाचा बंदोबस्त कायमचा झाला, असे मात्र नाही. पुढच्या भाषांतून तो नव्या वेषात येत राहिला. १९६८ च्या 'अल्गॉल' भाषेत कंसात लिहिलेली रांग जशीच्या तशी देता येऊ लागली. तिथे प्रश्न निघाला तो एकट्या वस्तूचा. डब्यात दोन करंज्या असल्या तर तो करंज्यांचा डबा. पण एकच असेल तर तो डबा की नुसतीच करंजी? कारण कंसात एकटा आकडा लिहिणे म्हणजे साध्या गणितात तो आकडाच. त्या भाषेने निकाल दिला: ती नुसती करंजीच समजावी. रांगांत रांगा घालणाऱ्या 'एपीएल' या भाषेच्या भक्तांतही असाच वाद माजला. १९८४ साली आलेल्या आय.बी.एम.च्या 'एपीएल दोन'ने एकटा आकडा डब्यात घातला तरी तो आकडाच मानला. टोरंटोच्या शार्प कंपनीच्या 'एपीएल'ने तो डबा मानला. दोघांचेही तर्कशास्त्र बिनतोड, आणि एका बाजूची आज्ञावली दुसऱ्या बाजूला नेली की घोटाळा!

याहून गमतीची गोष्ट 'सी प्लस प्लस' भाषेची. तिथे रांगेचा प्रकार सांगताना कोनदार कंस वापरतात; रांगांची रांग सांगायची तर शेवटी असे दोन कंस एकामागोमाग मिटतात: >>. पण हेच जोडचिन्ह त्या भाषेत निराळ्या अर्थाने, ठिपके उजवीकडे सरकवण्यासाठी, आधीपासून होते. चिन्ह सुटे करणारा दुभाष्या दोन मिटत्या कंसांना ते एक चिन्ह समजे आणि लिहिणाऱ्यावरच डाफरे. 'कर वंदन' असे लिहिताना जागा चुकली की 'करवंद न' होते, त्यातलाच प्रकार. म्हणून जगभरचे लोक वर्षानुवर्षे त्या दोन कंसांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडत असत. २०११ सालच्या प्रमाणभाषेत नियम बदलला: असा कंस आधी उघडलेला असेल, तर >> हे दोन मिटते कंसच समजावेत. म्हणजे पुन्हा तोच उपाय. बाहेर काय उघडे आहे ते लक्षात ठेवा.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध दोन बाजूंनी येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले गणकयंत्र १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नाव ठेवले. म्हणजे ॲमस्टरडॅमला दाढ्या वाढत होत्या त्याच वर्षी कुलाब्याच्या संस्थेतही यंत्राला आज्ञा दिल्या जात होत्या. दुसरा संबंध फार जुना. भाषेचे नियम थोडक्यात लिहिण्याची जी रीत बॅकस आणि नाउर यांच्या नावाने चालते, तिच्याशी पाणिनीच्या सूत्रांचे नाते ओळखून पीटर इंगरमन या अमेरिकनाने १९६७ साली एक पत्र प्रसिद्ध केले आणि त्या रीतीला 'पाणिनी-बॅकस' म्हणावे असे सुचवले. ते नाव रुजले नाही, परंतु अष्टाध्यायीकाराची आठवण यंत्रविद्येच्या लोकांना झाली, हेही थोडे नव्हे.

आज पुण्या-मुंबईतले कितीतरी तरुण अशा दुभाष्यांच्या दुरुस्तीचे काम करतात. त्यांच्या कामातला एक रिवाज सांगण्याजोगा आहे. किडा सापडला आणि दोन ओळींत दुरुस्त झाला, म्हणून काम संपत नाही. ज्या ओळीने दुभाष्याला चकवले ती ओळ, तिच्या बरोबर उत्तरासह, एका संग्रहात नोंदवली जाते, आणि पुढे दुभाष्यात काहीही बदल केला की तो संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला जातो. १९८७ पासून चालत आलेल्या 'जीसीसी' या प्रसिद्ध कंपायलरच्या संग्रहातील एका कप्प्याचे नावच 'छळ' अशा अर्थाचे आहे. कुणाची तरी जागलेली रात्र तिथे एकेका ओळीत जपून ठेवलेली असते. त्या ओळी लिहिणाऱ्यांची नावे बहुधा कुणाला ठाऊक नसतात. पण एकदा फसलेला दुभाष्या त्याच ठिकाणी पुन्हा फसला, तर ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर येण्याआधी समजते. आणि एखाद्या बंडूचे आणि चिंगीचे गुण जिथल्या तिथे राहतात.